एकाच दिव्याखाली लेट्यूस लांबला आणि पालक फुलावर आला, असे का झाले?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. थंडी पडू लागल्यावर आपण पालक, लेट्यूस आणि मेथी यांचे बी सहा ट्रेमध्ये पेरले. ट्रे घरातील सर्वांत उबदार खोलीत खिडकीपासून थोड्या अंतरावर ठेवले, वर तीन फुटांवर झाडांसाठी म्हणून मिळणारा एक जांभळा दिवा टांगला, तो रोज अठरा तास चालू ठेवला, रोज पाणी घातले आणि दोनदा द्रवरूप खतही दिले. सहा आठवड्यांनी लेट्यूसची रोपे काटकुळी होऊन आडवी पडली, मेथी पिवळी पडून बुडाशी कुजली, आणि पालकाने पाच-सहा पानांवरच फुलाचा दांडा वर काढला. आता याहून मोठा दिवा घ्यावा, खत बदलावे, की हिवाळ्यात घरी पालेभाजी लावण्याचा नादच सोडावा, असे आपण विचारता.

नाद सोडण्याचे कारण नाही. मी गेली अठरा वर्षे हिवाळ्यात पालेभाजी घेते आणि त्यांपैकी पहिले चार हिवाळे जवळजवळ आपल्यासारखेच वाया घालवलेले आहेत. फरक इतकाच की तेव्हा माझ्याकडे दिवाही नव्हता. आपण काय कमी पडले याचा शोध घेत आहात, पण वर्णन वाचल्यावर मला उलटे दिसते. ऊब, पाणी, खत आणि दिव्याचे तास या चारही गोष्टी आपण सढळ हाताने दिल्या. तुटपुंजा राहिला तो फक्त उजेड. तीन भाज्यांना तीन वेगळे रोग झाल्यासारखे दिसते, पण तिन्हींचे मूळ या एका विसंगतीत आहे. हिवाळ्यात उजेड ठरवील तेवढेच रोप वाढते, आणि बाकी सर्व गोष्टी त्या उजेडाच्या मापाने कमी कराव्या लागतात. हे एकदा पटले की पुढचे निर्णय सोपे होतात.

उबेपासून सुरुवात करू, कारण तिथेच बहुतेकांची फसगत होते. थंडी आहे म्हणून रोपाला ऊब द्यावी, हे माणसाच्या मायेने सुचते. रोपाचा हिशोब निराळा असतो. रोप उजेडात साखर तयार करते आणि रात्रंदिवस श्वसनात ती खर्च करते. खोली जितकी उबदार तितका खर्च अधिक, आणि खोडाची लांबण्याची गतीही अधिक. उजेड मात्र तेवढाच. मिळकत कमी आणि खर्च मोठा अशा स्थितीत रोप आपले सगळे भांडवल उजेडाच्या शोधात उंच होण्यावर घालवते. लेट्यूसचे कोवळे रोप जवळून पाहा: मातीपासून दलपत्रांपर्यंतचा, म्हणजे बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांपर्यंतचा, जो दांडा आहे, तो निरोगी रोपात जेमतेम एक-दीड सेंटिमीटर असतो. आपल्या रोपांत तो चार-पाच सेंटिमीटर, पांढरट आणि दोऱ्यासारखा झाला असणार, आणि वर पानांचा भार येताच तो लवला असणार.

एका वर्षी मी एकाच पाकिटातले लेट्यूस दोन ठिकाणी ठेवून पाहिले होते. अर्धी रोपे उबदार खोलीच्या खिडकीत, अर्धी जिन्यातल्या गार खिडकीत, जिथे पारा १० ते १४ अंशांच्या मध्ये असे. दोन्ही खिडक्यांचे तोंड एकाच दिशेला होते. तीन आठवड्यांनंतर उबदार खोलीतली रोपे दुप्पट उंच होती, पण त्यांना पाने तेवढीच होती, तीही फिकट. जिन्यातली रोपे बुटकी, गडद आणि घट्ट होती. पुढे खाण्याजोगी पाने त्यांनीच दिली. म्हणून उजेड वाढवणे शक्य नसेल तर ऊब कमी करणे, हा बिनखर्चाचा पहिला उपाय मी सुचवते. पालक, मेथी, लेट्यूस, कोथिंबीर या भाज्यांना १० ते १८ अंश तापमान मानवते. आपल्याला अंगावर शाल घ्यावीशी वाटते ती खोली त्यांच्यासाठी योग्य.

आता उजेड किती, हा प्रश्न. याबाबतीत आपला डोळा अजिबात विश्वासू नाही, कारण अंधार झाला की बाहुली मोठी होते आणि उजेड कमी झाल्याचे आपल्याला जाणवतच नाही. उजेडाची तीव्रता लक्समध्ये मोजतात. भर उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. दिवे लावलेली बैठकीची खोली आपल्याला छान उजळलेली वाटते तेव्हा तिथे २०० ते ५०० लक्स असतात. खिडकीच्या काचेला लागून ठेवलेल्या कुंडीला जे मिळते, त्याच्या फार थोडा अंश तीन फूट आत ठेवलेल्या कुंडीला मिळतो, कारण तिथून आकाशाचा दिसणारा तुकडाच लहान होतो. मोबाइलवरचे लक्स मोजणारे अ‍ॅप अगदी अचूक नसते, तरी खिडकीतला आणि टेबलावरचा फरक दाखवायला पुरेसे आहे. तेही नको असेल तर दुपारी रोपाच्या वर फूटभर अंतरावर तळहात धरा. पानांवर बोटांसकट स्पष्ट सावली पडली तर उजेड कामाचा आहे. नुसता धूसर डाग पडला तर रोप तग धरील, पण वाढणार नाही. सावलीच पडली नाही तर ती जागा रोपासाठी नाही.

उजेडाचे खरे माप दिवसभरात एकूण किती मिळाला हे असते. बंदिस्त जागेत पालेभाजी घेणारे लोक ते प्रति चौरस मीटर प्रति दिवस इतके मोल असे मोजतात; मोल हे प्रकाशकणांची संख्या मोजण्याचे एकक आहे. लेट्यूसला १२ ते १७ मोल मिळाले तर ते जोमाने वाढते. हिवाळ्यातील ढगाळ दिवशी खिडकीच्या आत अनेकदा पाच मोलसुद्धा पोचत नाहीत. म्हणजे उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याच खिडकीत जे पीक आठ आठवड्यांत तयार होते, ते हिवाळ्यात उशिरा तयार होते असे नव्हे, तर बहुधा होतच नाही.

इथे मला एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे: आपण कोणत्या अक्षांशावर राहता हे आपण लिहिलेले नाही, आणि अर्धे उत्तर त्यावर अवलंबून आहे. विषुववृत्तापासून २० अंशांवर वर्षातला सर्वांत लहान दिवसही जवळजवळ ११ तासांचा असतो आणि त्या दिवशीही माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंश वर असतो. अशा ठिकाणी हिवाळा हाच पालेभाजीचा खरा हंगाम. तिथे दिव्याची गरज नाही, कुंड्या उघड्यावर उन्हात आणणे एवढेच काम. ३० अंशांवर सर्वांत लहान दिवस साधारण सव्वादहा तासांचा. ४० अंशांवर मात्र त्या सर्वांत लहान दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे सुमारे पाच-पाच आठवडे दिवस १० तासांपेक्षाही लहान असतो. ५० अंशांवर हाच काळ साडेतीन महिन्यांपर्यंत लांबतो आणि सर्वांत लहान दिवशी सूर्य माध्यान्हीलाही १६-१७ अंशांपेक्षा वर चढत नाही. दक्षिण गोलार्धात महिने उलटे, पण हिशोब हाच. थंड प्रदेशात बारमाही भाजी घेणारे शेतकरी १० तासांची ही रेघ फार महत्त्वाची मानतात, कारण दिवस त्याखाली गेला की उघड्यावरच्या पालेभाजीची वाढ जवळपास थांबते. रोप मरत नाही, नुसते थांबते.

या थांबण्यातच हिवाळी पालेभाजीची किल्ली आहे. वाढ थांबलेले पूर्ण रोप म्हणजे कोठीत भरून ठेवलेले धान्य. हवे तेव्हा हवे तेवढे काढावे. मात्र कोठी आधी भरलेली असावी लागते. थंडी पडू लागल्यावर पेरले म्हणजे आपण रिकामी कोठी घेऊन हिवाळ्यात शिरलो. म्हणून आपल्या ठिकाणी दिवस १० तासांखाली कधी जातो ती तारीख काढा आणि तिथून मागे मोजा: पालकाला ४५ ते ५० दिवस, सुट्या पानांच्या लेट्यूसला ५० ते ६०, केल या कोबीवर्गातल्या पालेभाजीला ७० दिवस, आणि या प्रत्येकात दोन आठवडे अधिक धरा, कारण उतरत्या दिवसांत वाढ रोज थोडी मंदावत जाते. पाकिटावर छापलेले दिवस बहुधा चढत्या दिवसांचे असतात, हे लक्षात ठेवावे.

या लवकरच्या पेरणीत एक अडचण येते. तेव्हा हवा अजून गरम असते, आणि लेट्यूसचे बी तापमान ३० अंशांच्या आसपास गेले की उगवायला नकार देते; पालकालाही गरम माती आवडत नाही. मी पेरलेला ट्रे पहिले तीन-चार दिवस घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात फरशीवर ठेवते आणि अंकुर दिसताच, त्याच दिवशी, बाहेर उजेडात नेते. लेट्यूसचे बी मातीत खोल पुरू नये, नुसते वर भुरभुरून हलके दाबावे, कारण त्याच्या अनेक वाणांना उगवायलाही उजेड लागतो. उलट बाजूने, उशीर झाला तर थंडी आडवी येते: १५ अंशांवर आठवड्यात उगवणारे पालकाचे बी ५ अंशांवर तीन आठवडे घेते.

बाहेर गोठवणारी थंडी पडत असेल तर पुन्हा परिस्थितीनुसार विचार करावा लागतो. हळूहळू थंडीला सरावलेला पालक आणि केल यांची पाने गोठणबिंदूच्या बऱ्याच खालीही टिकतात, कारण सरावाच्या काळात पेशींत साखर साठते आणि त्यांतले पाणी सहजी गोठत नाही. थंडी खाल्लेला पालक गोड लागतो तो यामुळेच. लेट्यूस तेवढे काटक नाही. शून्याखाली दोन-तीन अंशांवर ते झाकावेच लागते. झाकण्यासाठी काचेचे झाकण असलेली बिनतळाची लाकडी पेटी उत्तम, नाहीतर कमानींवर ताणलेले पातळ न विणलेले कापड. कापडाने दोन-तीन अंशांचा फरक पडतो, चमत्कार होत नाही. काचेच्या पेटीबाबत मात्र सावध राहावे: बाहेर कडाक्याची थंडी असली तरी स्वच्छ उन्हाच्या दिवशी आतला पारा पाहता पाहता तिशीच्या पुढे जातो, आणि दुपारी झाकण उघडायला विसरलेल्या माणसाची भाजी थंडीने नव्हे तर उकाड्याने मरते. माझीही एकदा मेली आहे. शिवाय कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब मिळत नाही. त्यामुळे कुंड्या एकमेकींना चिकटवून भिंतीच्या कडेला ठेवाव्यात आणि भोवती पेंढा किंवा पाचोळा भरावा.

पहाटे गोठलेला पालक पाहून घाबरू नये. पाने काळपट हिरवी, काचेसारखी आणि ताठ दिसतात, कडांवर पांढरी रवाळ रेघ असते, आणि वाटते की सगळे संपले. त्या वेळी त्यांना हात लावू नये, कारण वाकलेल्या जागी गोठलेली पेशी फुटते आणि तिथे पान पुढे सडते. ऊन वर आल्यावर दहा-अकरा वाजेपर्यंत तीच पाने मऊ होऊन पूर्ववत उभी राहतात. तोडणी त्यानंतर करावी.

आपल्याकडे बाहेर जागाच नसेल, किंवा पेरणीची वेळ निघून गेली असेल, तर दिवा हाच मार्ग. पण तो दिवा पुरेसा आणि जवळ हवा. आपल्या दिव्याची शक्ती आपण लिहिलेली नाही. तरी तीन फूट हे अंतरच बरेच काही सांगते. लहान दिवा तीन फुटांवर असताना रोपाला जेवढा उजेड मिळतो, त्याच्या सुमारे नऊपट तोच दिवा एक फुटावर आणल्यावर मिळतो. त्यामुळे नवीन दिवा घेण्याआधी असलेला दिवा खाली आणा. खोक्यावर लिहिलेल्या भल्यामोठ्या वॅटच्या आकड्यावर विसंबू नये. तो अनेकदा कशाशी तरी 'समतुल्य' असा असतो. प्रत्यक्षात दिवा किती वीज घेतो ते पाहावे. ३० बाय ६० सेंटिमीटरच्या एका ट्रेवर साध्या पांढऱ्या एलईडी नळ्यांचे प्रत्यक्ष ३० ते ४० वॅट, पानांपासून २० ते ३० सेंटिमीटरवर, आणि पानांच्या उंचीवर १५,००० लक्सच्या आसपास, हे माझे नेहमीचे प्रमाण आहे. असा उजेड १४ तास मिळाला की दिवसाचे सुमारे ११ मोल होतात आणि लेट्यूस समाधानाने वाढते. ३५ वॅटचा दिवा १४ तास लावला तर रोज साधारण अर्धे युनिट वीज लागते. एका ट्रेसाठी हे आपल्याला परवडते का, ते आपणच ठरवावे. जांभळ्या दिव्यात वाईट काही नाही, परंतु त्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत नाही, त्यामुळे पिवळेपणा, मावा, बुरशी यांची सुरुवात नजरेतून सुटते, आणि लक्स मोजणारे अ‍ॅपही त्या रंगात चुकते. मी पांढराच वापरते.

आता पालक. आपल्या वर्णनातला हा भाग मला सर्वांत बोलका वाटला, कारण लेट्यूसला जिथे उजेड अपुरा पडला तिथेच पालकाचा दिवस फार मोठा झाला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उजेडाची तीव्रता रोपाचे पोट भरते. उजेडाचे तास त्याला ऋतू सांगतात. दिवसाच्या लांबीवर झाडांचे फुलणे अवलंबून असते हे अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० साली दाखवून दिले, आणि पालक हे मोठ्या दिवसाला फुलणारे रोप आहे. बहुतेक वाणांत दिवस १४ तासांच्या आसपास गेला की पालक उन्हाळा आला असे समजून घाईने फुलावर येतो. आपण अठरा तास दिवा लावून त्याला हिवाळ्यात उन्हाळा दाखवला. कॅलेंडरचे काम करायला मंद उजेडही पुरतो, त्यामुळे पोट रिकामे असतानाही त्याने दांडा काढला. रात्री उशिरापर्यंत चालू असणारा खोलीतला दिवासुद्धा हा गोंधळ करू शकतो. कोथिंबीर, शेपू आणि मोहरीवर्गातील काही भाज्याही मोठ्या दिवसाला लवकर फुलतात.

म्हणून दिव्याखाली पालक घ्यायचाच असेल तर तास १२ च्या आत ठेवा आणि कमी तासांची भरपाई दिवा आणखी जवळ आणून करा, आणि त्याचा ट्रे लेट्यूसपासून वेगळा ठेवा. माझी वाटणी याहून साधी आहे: लेट्यूस दिव्याखाली, पालक बाहेर किंवा गार खिडकीत. दोघांना एका छताखाली नांदवण्याचा आग्रह मी सोडून दिला आहे.

मेथीकडे वळू. मेथी थंडीने नव्हे, पाण्याने गेली. कमी उजेडात रोप पाणी कमी पिते आणि गार मातीतून ते उडूनही कमी जाते, त्यामुळे उन्हाळ्यातला रोजचा झारीचा नेम हिवाळ्यात घातक ठरतो. मातीला वाफसा हवा, म्हणजे ओलावाही असावा आणि कणांमध्ये हवाही खेळावी. चिखलात मुळे गुदमरतात, मग बुडाशी तपकिरी, चिमटल्यासारखा पट्टा पडतो आणि रोपे ओळीने कोलमडतात. शेतकरी याला रोपमर म्हणतात. बोटाने माती चाचपण्यापेक्षा कुंडी उचलून पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते. पाणी घातल्यावर लगेच एकदा उचला, वजन हाताला लक्षात ठेवू द्या, आणि ते निम्म्यावर आल्यासारखे वाटेपर्यंत पुन्हा पाणी घालू नका. गार खिडकीत हे अंतर आठवड्याचेही होते. पाणी सकाळी, शक्यतो खालच्या ताटलीतून द्यावे, आणि वीस मिनिटांनी ताटलीत उरलेले ओतून टाकावे. मातीवर बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या तर ती जास्त पाण्याची पावती समजा. वरचा थर कोरडा ठेवला आणि पिवळे चिकट सापळे लावले की त्या आटोक्यात येतात. मेथीचे बी दाट पेरण्याचा मोहही हिवाळ्यात आवरावा, कारण दाटीत हवा खेळत नाही. दिवसातून दोन-चार वेळा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवला, किंवा लहान पंखा दूरवरून मंद लावला, तर बुरशी कमी येते आणि खोडेही जाड होतात.

खताबद्दल मी थोडी कडक आहे. कमी उजेडात दिलेले नत्र, म्हणजे नायट्रोजन, रोपाला पचत नाही. मुळे नायट्रेट शोषून घेतात, पण त्याचे प्रथिनांत रूपांतर करायला उजेडातून मिळणारी शक्ती लागते. ती नसेल तर नायट्रेट पानात तसेच साठून राहते. ही गोष्ट इतकी ठाऊक आहे की युरोपीय संघाने आच्छादनाखालील लेट्यूससाठी नायट्रेटची कमाल मर्यादा उन्हाळी हंगामात किलोला ४,००० मिलिग्रॅम, तर हिवाळी हंगामात ५,००० मिलिग्रॅम ठेवली आहे, कारण हिवाळ्यात ते वाढतेच. शिवाय नत्राने फुगलेली मऊ पाने माव्याला विशेष प्रिय असतात. त्यामुळे मातीत सुरुवातीला एक चतुर्थांश भाग चांगले मुरलेले गांडूळखत मिसळावे आणि खिडकीतल्या रोपांना पुढे काहीच देऊ नये. चांगल्या दिव्याखालच्या रोपांना चार खरी पाने आल्यावर पंधरवड्यातून एकदा, पाकिटावर सांगितलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्शाने द्रवखत पुरते. गार मातीत जुनी पाने जांभळट झाली तर तेही लगेच खताचे मागणे समजू नये. थंड मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो, आणि माती थोडी उबदार झाली की रंग सुधारतो.

इथवर जे सांगितले ते आपल्या तीन पर्यायांत बसवून पाहा. दिवा मोठा घेण्याआधी तो खाली आणायचा आणि तास भाजीनुसार ठरवायचे. खत बदलायचे नाही, थांबवायचे. आणि नाद सोडायचा नाही, पेरणी मात्र पुढच्या वेळी दीड-दोन महिने अलीकडे आणायची.

भाजीच्या निवडीबद्दल थोडेच सांगते. पालक, चाकवत, मेथी, कोथिंबीर, शेपू, मोहरी, मुळ्याचा पाला, लेट्यूस, केल या थंडीच्या भाज्या. माठ, अंबाडी, मायाळू आणि तुळशीच्या जातीचे बेझिल या उबेच्या. त्या गार खिडकीत ठेवून त्यांचे हाल करू नयेत. आणि ज्यांच्याकडे खरोखरच अंधारी खिडकी आहे, त्यांनी मोहरी, मुळा किंवा मेथी यांचे दाट पेरलेले कोवळे अंकुर सात ते चौदा दिवसांत कापून घ्यावेत. त्यांची बरीचशी शिदोरी बियातच असते, त्यामुळे उजेडाची उधारी फारशी करावी लागत नाही.

तोडणीतही हात राखावा लागतो. उन्हाळ्यात लेट्यूसची बाहेरची पाने खुडली की आठवड्यात नवी येतात. सर्वांत लहान दिवसांच्या काळात खिडकीत किंवा बाहेर खुडलेले पान भरून यायला महिना लागू शकतो. म्हणून एका रोपाचे एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पान काढू नये, मधला शेंडा आणि त्याभोवतीची चार-पाच पाने कधीही तोडू नयेत, आणि रोपांची संख्याच मुळात उन्हाळ्याच्या तिप्पट ठेवावी. मी कुंड्यांना ओळीने क्रमांक देते आणि त्याच क्रमाने तोडत जाते, म्हणजे शेवटच्या कुंडीपर्यंत पोचेतो पहिली सावरलेली असते. तोडणी दुपारनंतर केली तर दिवसभराच्या उजेडाने पानातले नायट्रेटही थोडे उतरलेले असते.

आता आपल्या सहा ट्रेंचे काय करायचे ते सांगते. पालकाचा दांडा खुडून तो पुन्हा पानावर येईल अशी आशा करू नका. असलेली पाने आजच कापून घ्या आणि ट्रे मोकळा करा. कुजलेल्या मेथीची माती पुन्हा पेरणीला वापरू नका, ती बाहेर मोठ्या झाडांच्या बुंध्याशी टाका, आणि ट्रे गरम साबणाच्या पाण्याने घासून उन्हात वाळवा. लेट्यूसपैकी ज्या रोपांचा दांडा अजून हिरवा आहे ती निवडून वेगळ्या कुंडीत दलपत्रांपर्यंत खोल लावा, मात्र मधला शेंडा मातीत जाऊ देऊ नका. दिवा एका फुटावर आणा, खोली गार असू द्या, आणि दहा दिवस वाट पाहा. नवे पान जुन्यापेक्षा रुंद आणि बुटक्या देठाचे निघाले तर रोप वाचले. तसे निघाले नाही, तर त्या कुंडीत नवे बी पेरा, आणि तोपर्यंत दिवस पुन्हा मोठे होऊ लागले असतील तर कुंडी सरळ खिडकीच्या काचेला लावून ठेवा.